कॅक्टसला ऊन किती द्यावं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज एका साध्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. कुंडीतल्या कॅक्टसला ऊन किती द्यायचं? कुणी म्हणेल, यात बोलण्यासारखं काय आहे? कॅक्टस वाळवंटातला. त्याला भरपूर ऊन द्यावं आणि पाणी विसरून जावं. मीही वर्षानुवर्षं असंच समजत होते. त्या समजुतीपायी वडिलांची एक आठवण मी जवळजवळ घालवून बसले होते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमच्या नाशिकच्या घराच्या गच्चीत नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक कॅक्टस होता. गोल, सोनेरी काट्यांनी भरलेला, फुटबॉलपेक्षा थोडा मोठा. मूळचा मेक्सिकोचा. बागवाले त्याला ‘गोल्डन बॅरल’ म्हणतात आणि इंग्रजीत कुणी थट्टेनं सासूबाईंचं आसनही म्हणतात. आमच्या घरी त्याचं नाव नुसतं ‘गोळा’. २००८ साली नाना गेले. नाशिकचं घर आवरलं, आई माझ्याकडे पुण्याला आली आणि तिच्याबरोबर गोळाही आला. नजरेसमोर राहावा म्हणून मी तो दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी ठेवला.

सहा-सात महिन्यांत गोळ्याच्या डोक्यातून नवी वाढ दिसू लागली. पोपटी रंगाची, वर निमुळती होत गेलेली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, “नानांचा गोळा वाढतोय बरं का!” एकदा आमचे एक स्नेही घरी आले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, कुंडीजवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, “अहो, हा उपाशी आहे. उजेड शोधत वर निघालाय.”

मला फार अपराधी वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी गोळा इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवला. महिना एप्रिलचा होता. म्हटलं, इतके दिवस उपाशी राहिलास, आता पोटभर ऊन खा. चार दिवसांनी वर जाऊन बघते, तर पश्चिमेकडच्या अंगावर तळहाताएवढा पांढुरका चट्टा. नव्या पोपटी भागाचा रंग तर उकडलेल्या भाजीसारखा झालेला. आईला धरून वर आणलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “अगं, पाडवा झाला की नाना त्याच्यावर जुनं धोतर बांधायचे. मिरगाचा पाऊस पडेपर्यंत सोडत नसत. तुला आठवत नाही?”

आठवत होतं. लहानपणी आम्ही भावंडं ‘गोळ्याला पागोटं’ म्हणून हसायचो. नाना ते का बांधतात, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. सूर्याचं उत्तरायण, दक्षिणायन, किरणांचा कोन, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण माझ्या गॅलरीत कोणत्या महिन्यात ऊन कुठपर्यंत येतं, हे पाहिलं नव्हतं. त्यानंतर जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

सगळे कॅक्टस वाळवंटातले नाहीत

पहिली गोष्ट, कॅक्टस म्हणजे काय? आपण काटेरी, मांसल दिसेल त्याला सरसकट निवडुंग म्हणतो. पण कुंपणाला लावतात तो, खुपसलं की पांढरा चीक येणारा निवडुंग वेगळ्या कुळातला, एरंडाच्या नात्यातला. खऱ्या कॅक्टसचे काटे एका छोट्या लोकरीच्या गादीतून निघतात. ती गादी दिसली की ओळख पटली. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि एखादा अपवाद सोडला तर साऱ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्याकडचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला.

आता या जाती राहतात कुठे? काही उघड्या वाळवंटात, काही गवताळ माळावर, काही डोंगरातल्या खडकांच्या सांदीत आणि काही चक्क घनदाट जंगलात, झाडांच्या फांद्यांवर. आपल्या घरोघरी पावसाळ्यात रात्री उमलणारं ‘ब्रह्मकमळ’ आहे ना, ते कॅक्टसच आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं. आपलं हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं, झाडाच्या आधारानं वाढणारं. त्याला दुपारचं ऊन लागलं की त्याची चपटी ‘पानं’, म्हणजे खरं तर खोडं, पिवळी पडतात. ब्राझीलच्या जंगलातला, डिसेंबरच्या आसपास फुलणारा ख्रिसमस कॅक्टसही याच जातकुळीचा.

खुद्द वाळवंटातही लहान कॅक्टस सहसा उघड्यावर वाढत नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोनात सग्वारो नावाचा अवाढव्य कॅक्टस होतो, दुमजली घरापेक्षाही उंच. पण त्याचं रोप बहुधा एखाद्या झुडपाच्या सावलीत मोठं होतं. शास्त्रज्ञ अशा झुडपाला ‘दाई झाड’ म्हणतात. रोप अंगानं मोठं झालं, की मगच ते डोक्यावर ऊन घेतं. आपल्या कुंडीतला दोन-तीन इंचांचा कॅक्टस अजून दाईच्या पदराखाली असण्याच्या वयाचा असतो. हे लक्षात घेतलं, तर एप्रिलच्या गच्चीत त्याचं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

मग नाव माहीत नसलेल्या कॅक्टसला किती ऊन लागेल, हे ओळखायचं कसं? त्याच्या अंगाकडे बघा. अंग पांढऱ्या केसांनी किंवा दाट काट्यांनी झाकलेलं असेल, तर त्यानं स्वतःची छत्री बरोबर आणली आहे, त्याला जास्त ऊन चालतं. अंग हिरवंगार, काटे विरळ असतील, तर सकाळचं ऊन पुरे. आणि काटे जवळजवळ नाहीत, खोड पानासारखं चपटं आहे, तर उजेड हवा, पण थेट ऊन जेमतेम. बाजारात लाल किंवा पिवळ्या डोक्याचे कॅक्टस मिळतात, मुलांना फार आवडतात. त्या रंगीत डोक्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणून ते ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या हिरव्या खुंटावर कलम केलेलं असतं. खुंट कमावतो, डोकं खातं. त्या डोक्याला कडक उन्हात ठेवलं, तर ते करपतं. अंधारात ठेवलं, तर खुंट उपाशी मरतो आणि पाठोपाठ डोकंही.

ड्रॅगन फ्रूटचा विषय निघाला म्हणून सांगते. सांगली, सोलापूरकडे आता त्याच्या बागा झाल्या आहेत. तेही कॅक्टसच. उन्हाळ्यात त्याची खोडं पिवळी पडून करपतात, म्हणून शेतकरी वर शेडनेटची जाळी लावतात. कॅक्टसला ऊन बाधतं यावर ज्यांचा विश्वास बसत नसेल, त्यांनी मे महिन्यात अशा एखाद्या बागेत जाऊन यावं.

दिवसा तोंड बंद

पण ऊन बाधतं म्हणजे होतं काय? इतर झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं उघडतात. हवा आत जाते, पाण्याची वाफ बाहेर पडते. घाम आल्यावर आपल्याला गार वाटतं, तसंच या वाफेमुळे पान थंड राहतं. कॅक्टसला ही चैन परवडत नाही. दिवसा छिद्रं उघडली, तर साठवलेलं पाणी उडून जाईल. म्हणून तो रात्री छिद्रं उघडतो, हवेतला कार्बन डायॉक्साइड आत घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. सकाळी छिद्रं बंद. मग दिवसभर उजेडाच्या बळावर त्या साठ्यातून साखर तयार करतो.

या प्रकाराची एक खूण आपल्याच देशात टिपली गेली. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रासकडे कंपनी सरकारच्या नोकरीत होते. पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा नाहीसा होतो, असं त्यांनी लंडनला कळवलं. ते १८१५ साली छापून आलं. पानफुटी कॅक्टस नाही, पण तिची रीत तीच. रात्रभर आम्ल साठतं, दिवसा वापरलं जातं.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. रात्रीचा साठा ठरावीक असतो. तो वापरून होईल इतका उजेड दिवसा मिळाला की काम झालं. त्यापुढचं ऊन कॅक्टसच्या उपयोगाचं नाही, ते नुसतं अंग तापवतं. आणि छिद्रं बंद असल्यामुळे घाम काढून अंग गार करण्याची सोय नाही. हवा चाळीस अंशांवर असते, तेव्हा उन्हातल्या कॅक्टसचं अंग त्याहून पुष्कळ जास्त तापलेलं असतं. वाळवंटात रात्री गारवा असतो, म्हणून ते निभतं. आपल्याकडे मे महिन्यात मुंबईची रात्रही उकडते. रात्र गार नसेल, तर छिद्रं नीट उघडत नाहीत आणि साठा कमी पडतो. म्हणजे बाहेर ऊन रणरणतंय आणि झाड मात्र अर्धपोटी, अशी गत होते.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

आता दुसरी बाजू. करपलेला कॅक्टस लगेच दिसतो. अंधारात झुरणारा दिसत नाही, कारण आपले डोळे आपल्याला फसवतात. उजेड कमी झाला की बुबुळ मोठं होतं आणि खोली पुरेशी उजळ वाटते. पण मोजून पाहिलं, तर फरक थक्क करणारा आहे. प्रकाश ‘लक्स’ या एककात मोजतात. भर दुपारचं स्वच्छ ऊन साधारण एक लाख लक्स. छपराखालच्या, थेट ऊन नसलेल्या मोकळ्या गॅलरीत पाच ते दहा हजार. आणि दिवाणखान्यात खिडकीपासून सात-आठ फुटांवर, जिथे आपण आरामात पेपर वाचतो, तिथे दोन-तीनशे. माझा गोळा नाशिकच्या गच्चीतून टीव्हीशेजारी आला, तेव्हा त्याच्या ताटातला उजेड शेकडो पटींनी कमी झाला होता. मला मात्र खोली छान उजळ वाटत होती. हल्ली मोबाइलवर प्रकाश मोजण्याची सोय मिळते. आकडे अगदी अचूक नसले, तरी दोन जागांमधला फरक कळायला पुरेसे आहेत.

मोबाइल नको असेल, तर नुसता हात वापरा. दुपारी बारा-एकच्या सुमाराला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर पंजा धरा. बोटं न् बोटं स्पष्ट दिसणारी काळी सावली पडली, तर ऊन कडक. कडा पुसट असलेली सावली, तर बहुतेक छोट्या कॅक्टसना योग्य. सावली जेमतेम जाणवत असेल, तर ती जागा ब्रह्मकमळाच्या कामाची. आणि सावलीच पडत नसेल, तर तिथे कॅक्टस ठेवू नये.

संगणकाशेजारी कॅक्टस ठेवला की तो ‘किरणं शोषून घेतो’, असं एके काळी घरोघरी आणि कचेऱ्यांमध्ये मानत. त्याला काही आधार नाही. त्या टेबलांवर असंख्य कॅक्टस मात्र उजेडावाचून गेले. ते कशानं गेले हे कुणाला कळलं नाही, कारण कॅक्टस मरायलाही वर्ष-दीड वर्ष घेतो. त्यात आपण त्याला नेमानं पाणी घालतो. उजेड कमी म्हणजे खर्च कमी, ते पाणी मातीत तसंच राहतं आणि मुळं कुजतात. मग आपण म्हणतो, पाणी जास्त झालं. पाणी जास्त झालं हे खरंच, पण ते त्या उजेडाच्या मानानं. जितका उजेड कमी, तितकं पाणी कमी, हा हिशेब लक्षात ठेवा.

आपली गॅलरी, आपला सूर्य

बागकामाच्या बऱ्याच इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की कॅक्टस दक्षिणेच्या खिडकीत भर उन्हात ठेवावा. पुस्तक चूक नाही, पण ते लिहिलं गेलं तिकडच्या उन्हासाठी. लंडनमध्ये ऐन जूनमध्ये, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून बासष्ट अंशांवर असतो. पुण्यात तो फेब्रुवारीअखेरीलाच तितका वर आलेला असतो. मे महिन्याच्या मध्याला तर तो थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. जुलैअखेरीला परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे बहुधा दिसत नाही. तिकडचं ‘भर ऊन’ म्हणजे आपलं माघातलं ऊन. वैशाखातलं ऊन त्या पुस्तकांच्या हिशेबात नाही.

आता आपल्या गॅलरीकडे वळू. गॅलरी दक्षिणेला असेल आणि वर छप्पर असेल, तर गंमत अशी की ऊन हिवाळ्यात जास्त येतं. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य पुण्यात अठ्ठेचाळीस अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे आठ फूट उंचीच्या उघड्या गॅलरीत ऊन सात फूट आत येतं. मार्चअखेरीला तेच दोन-अडीच फुटांवर येतं आणि मे महिन्यात दुपारचं ऊन कठड्याच्या आत येतच नाही. म्हणजे कॅक्टसला हिवाळ्यात ऊन, उन्हाळ्यात सावली. आपोआप पागोटं! अशी गॅलरी असेल, तर तुम्ही भाग्यवान. कुंडी कठड्याजवळ ठेवा आणि निश्चिंत राहा.

पूर्वेची गॅलरीही उत्तम. सकाळी तीन-चार तास कोवळं ऊन आणि दुपारी नुसता उजेड, हे बहुतेक छोट्या कॅक्टसना मानवतं. पश्चिमेची सगळ्यांत अवघड. तिथे ऊन येतं ते दुपारी, हवा सर्वांत तापलेली असताना, आणि मागची भिंत रात्री नऊ-दहापर्यंत झळ सोडत राहते. तिथे मार्च ते मे जाळी हवीच. कुंड्या भिंतीपासून दूर ठेवा. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी तापून मुळं शिजतात, ती मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवावी. उत्तरेच्या गॅलरीत मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ थोडी तिरीप येते, बाकी वर्षभर फक्त उजेड. तिथे ब्रह्मकमळ लावा, गोल काटेरी कॅक्टसचा हट्ट धरू नका.

आणि हे सगळं समोर मोकळं आकाश असेल तर. आमच्या समोरची दुमजली इमारत पाडून तिथे अकरा मजले उभे राहिले आणि माझ्या गॅलरीतलं सकाळचं ऊन दोन तासांनी कमी झालं. दिशा तीच राहिली, ऊन गेलं. म्हणून दिशेवर विसंबू नका. एखाद्या रविवारी घरी असाल, तेव्हा दर तासाला गॅलरीत डोकावा आणि ऊन कुठे आहे ते खडूनं जमिनीवर आखा. हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. दोन रविवारांत जे कळतं, ते पुस्तकात मिळत नाही.

ज्यांच्याकडे ऊन येतच नाही, त्यांनी पांढऱ्या उजेडाचा चांगला एलईडी दिवा कुंडीपासून फूटभर अंतरावर, रोज बारा तास लावावा. रात्री मात्र अंधार हवाच, कारण कॅक्टसचं अर्धं काम रात्रीचं आहे.

सवयीचं ऊन

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कॅक्टसला ऊन किती चालतं, हे तो कालपर्यंत कुठे होता यावर ठरतं. एकाच जातीचे दोन कॅक्टस घ्या. एक वर्षभर गच्चीत वाढलेला, दुसरा रोपवाटिकेतल्या जाळीखालचा. दोघांना एप्रिलच्या उन्हात शेजारी ठेवलं, तर पहिला तगेल, दुसरा भाजेल. उन्हात राहणाऱ्या कॅक्टसची कातडी जाड होते, काटे दाट येतात, अंगात उष्णता सोसण्याची तयारी होते. पण त्याला दिवस लागतात. वर्षभर कचेरीत बसणाऱ्या माणसाला एकदम भर उन्हात शेतात उभं केलं, तर त्याचं जे होईल, तेच कॅक्टसचं होतं.

म्हणून नवा कॅक्टस आणला किंवा जागा बदलायची ठरवली, तर पहिले चार-पाच दिवस फक्त उजेड द्या. मग सकाळचं तासभर ऊन. दर चार-पाच दिवसांनी आणखी अर्धा-एक तास. तीन-चार तासांच्या उन्हापर्यंत पोचायला महिना लागू द्या. हे काम सुरू करायला दिवाळी ते संक्रांत हा काळ चांगला. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून किंवा इतर कुठून कॅक्टस आणलात, तर पाडव्यापर्यंत त्याला सवय होते. एप्रिल-मे महिन्यात कॅक्टसची जागा बदलायची असेल, तर फक्त जास्त सावलीकडे.

आणखी एक छोटी युक्ती. कुंडी हलवण्याआधी तिच्या उन्हाकडच्या बाजूला खडूनं खूण करा. नव्या जागी तीच बाजू उन्हाकडे ठेवा, कारण तीच तयार झालेली असते. पाठीमागची बाजू कोवळी असते, ती अचानक पुढे आली तर तिथे चट्टा पडतो. सौम्य उजेडातला कॅक्टस वाकू नये म्हणून दर पंधरवड्यानं थोडा फिरवावा, पण कडक उन्हात फिरवू नये.

वर्षात दोन वेळा विशेष जपायचं. पहिली वेळ पाडवा ते मृग. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी किंवा जुनं सुती कापड दुपारपुरतं पुरेसं आहे. दुसरी वेळ कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे ऑक्टोबर. चार महिने ढगाळ हवेत राहून कॅक्टस मऊ पडलेला असतो. पाऊस संपतो, आभाळ एकदम निवळतं आणि ऑक्टोबर हीटचं ऊन त्या कोवळ्या अंगावर पडतं. नवरात्रापासून पंधरा-वीस दिवस पुन्हा जाळी घाला. पावसाळ्यात मात्र पावसापासून वाचवायचं म्हणून त्याला घरात अंधारात कोंडू नका. पारदर्शक पत्र्याखाली ठेवा, पाणी जवळजवळ बंद, उजेड पुरेपूर.

आणि अंगावर डाग दिसला तर? तो कुठे आहे ते बघा. एका बाजूला, उन्हाकडच्या अंगावर, कोरडा आणि कडक असेल तर तो उन्हाचा. आधी पांढुरका-पिवळा, मग बुचासारखा तपकिरी होतो. बुडाशी सगळीकडून तपकिरी चढत असेल तर बहुधा ते वय आहे. शेंड्याकडच्या कोवळ्या भागावर गंजासारखी बारीक छटा असेल तर कोळी किडीची शंका घ्या. आणि दाबल्यावर मऊ लागलं, तर ती कूज. उन्हानं नुसती लालसर-जांभळट झाक आली असेल तर घाबरू नका, तो त्याचा इशारा आहे, थोडी सावली द्या. शेंडा बारीक आणि फिकट होत असेल, काटे विरळ येत असतील, एका बाजूला झुकत असेल, तर मात्र उजेड वाढवा, आणि तोही हळूहळू. उन्हाचा चट्टा पुसला जात नाही, अंधारात आलेला निमुळता भागही पुन्हा भरत नाही. पण कॅक्टस डोक्यातून वाढतो. पुढची वाढ नीट झाली, तर मागचं खाली सरकत जातं.

नानांचा गोळा वाचला. त्याला आधी जाळीखाली नेलं, मग हिवाळ्यात तासातासानं ऊन वाढवत पुन्हा गच्चीपर्यंत आणलं. सगळं मिळून दीड वर्ष लागलं. आज तो तेव्हापेक्षा बराच मोठा आहे. टीव्हीशेजारच्या महिन्यांची जागा थोडी आत गेलेली, कंबरेसारखी दिसते. तिच्या खाली तो चट्टा आहे, बुचासारखा, आता काट्यांमध्ये निम्मा झाकलेला. वर सोनेरी काटे पुन्हा दाट आले आहेत. पाडव्याला गुढी उतरवली की संध्याकाळी आम्ही गोळ्यावर कापड बांधतो. घरात धोतर आता कुणी नेसत नाही, पण आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा तितकंच चांगलं काम करतो.

तुमच्याही घरात एखादा कॅक्टस असेल. आज-उद्या त्याच्याजवळ कागद धरून पंज्याची सावली बघा. आणि तो कुणी मोठ्या माणसानं लावलेला असेल, ते माणूस घरात असेल, तर त्याला विचारा, तुम्ही याला ऊन कसं देत होता?